शांबेरीचे हत्ती

महादजी शिंद्यांच्या कवाइती पलटणींचा सेनानी जो द ब्वाञ, त्याचें नांव मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकांस नव्यानें सांगण्याची गरज नाहीं. आमच्याकडील ग्रंथांत तो डी बॉइन, डिबॉइन अशा नांवांनीं वावरतो, आणि बहुधा त्याच्या नांवापुढें 'फ्रेंच सरदार' हें विशेषण लागलेलें असतें. पाटण, मेडतें व लाखेरी येथील लढायांच्या वर्णनांत तो येतो, महादजींच्या मृत्यूनंतर दोन वर्षांच्या आंत निघून जातो, आणि तेथेंच त्याच्याविषयींची आमची जिज्ञासाही संपते. गेल्या वर्षीं आश्विनांत त्याचें जन्मगांव व भोंवतालचा मुलूख पायीं हिंडून पाहण्याचा योग आम्हांस आला. त्या प्रवासांत जें पाहिलें आणि त्यावरून जें मनांत आलें, तें येथें नमूद करीत आहों.

हें गांव म्हणजे शांबेरी. आज तें फ्रान्सच्या आग्नेय भागांत, आल्प्स पर्वताच्या पायथ्याशीं आहे. 'आज' हा शब्द आम्हीं जाणून घातला आहे. द ब्वाञ १७५१ त जन्मला, त्या वेळीं शांबेरी फ्रान्सचें नव्हतें. तें सव्हॉय संस्थानचें जुनें राजधानीचें शहर. तेथील ड्यूकांनीं १५६३ त आपली राजधानी आल्प्सपलीकडे तुरीन येथें नेली, आणि पुढें हेच ड्यूक सार्डिनियाचे राजे झाले. फ्रेंच राज्यक्रांतीच्या सैन्यानें १७९२ त सव्हॉय घेतलें, नेपोलियनच्या पाडावानंतर तें पुन्हा सार्डिनियाच्या राजाकडे गेलें, आणि १८६० च्या तुरीन येथील तहानें व त्यानंतरच्या लोकमतानें तें कायमचें फ्रान्सांत आलें. म्हणजे द ब्वाञ जन्मानें सार्डिनियाच्या राजाचा प्रजाजन होता आणि १८३० त मेला तेव्हांही त्याच राजघराण्याचा प्रजाजन होता. त्याची भाषा फ्रेंच होती, तारुण्यांत कांहीं काळ त्यानें फ्रान्सच्या राजाच्या आयरिश पलटणींत नोकरीही केली. परंतु तेवढ्यावरून त्यास फ्रेंच म्हणणें म्हणजे निजामाच्या पदरीं चाकरी केलेल्या मराठ्यास मोंगल म्हणण्यासारखें आहे. आमच्या ग्रंथांतील हें विशेषण आतां बदलावयास हवें.

नांवाचीही एक मौज आहे. त्याचें मूळ आडनांव 'लबोर्ञ' असें होतें. फ्रेंच भाषेंत त्याचा अर्थ 'काणा' असा होतो. बाप शहरांतील चामड्या-केसाळ कातड्यांचा व्यापारी. त्याच्या दुकानाच्या पाटीवरील रानटी जनावरांचीं चित्रें पाहूनच पोराच्या मनांत दूरदेशाची ओढ उत्पन्न झाली असें सांगतात. पोरानें पुढें आडनांवांतील व्यंग काढून टाकिलें व 'द ब्वाञ' असें खानदानी वळणाचें नांव धारण केलें. आम्हां व्याकरणाच्या विद्यार्थ्यांस त्यांत आणखी एक आनंद आहे. जो तालव्य अनुनासिक आपल्या मराठींत चवर्गाच्या व्यंजनाचा आश्रय घेतल्याशिवाय सहसा उभा राहत नाहीं, तो 'ञ' येथें शब्दाच्या शेवटीं एकटाच दिमाखानें उभा आहे. स्थानिक लोकांच्या तोंडून तो ऐकल्यावर 'बॉइन' हा इंग्रजी वळणाचा उच्चार आमच्या कानांस रुचेनासा झाला.

शांबेरीच्या स्टेशनावर उतरून दहा-पंधरा मिनिटें चाललें कीं शहराच्या मध्यभागीं एक कारंजें लागतें. चार हत्ती चार दिशांस तोंडें करून उभे आहेत. त्यांच्या सोंडांतून पाणी पडतें. मधोमध ताडाच्या बुंध्यासारखा घडविलेला उंच स्तंभ असून त्यावर द ब्वाञचा पुतळा आहे. सगळें मिळून उंची सुमारें साडेसतरा मीटर भरते. ग्रनोबल येथील सापे नांवाच्या शिल्पकारानें तें केलें आणि १८३८ च्या डिसेंबरांत, म्हणजे द ब्वाञच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनीं, त्याचें उद्घाटन झालें. हत्तींचा केवळ पुढचा अर्धा भागच घडविलेला आहे. मागचा भाग स्तंभाच्या चौथऱ्यांत लुप्त होतो. वरून पाहिल्यास या चार अर्ध्या हत्तींचा मिळून सव्हॉय घराण्याच्या निशाणावरील क्रूस होतो, अशी त्यांतील योजना आहे. गांवकऱ्यांनीं मात्र योजनेकडे न पाहतां हत्तींकडे पाहिलें, आणि त्यांस जें टोपणनांव ठेविलें त्याचें शिष्टसंमत भाषेंत भाषांतर 'पार्श्वभागहीन चौकडी' असें करतां येईल. मूळ शब्द याहून बराच आटोपशीर आहे.

हत्तींपासून निघून शहराच्या जुन्या राजवाड्याकडे जाणारा सरळ रस्ता आहे, त्यासही द ब्वाञचेंच नांव आहे. जुन्या गांवांतील अरुंद, वांकड्या बोळांच्या दाटींतून हा रस्ता त्याच्या पैशानें आरपार काढण्यांत आला. दोन्ही बाजूंस तुरीनच्या धर्तीच्या कमानी आहेत, आणि त्यांखालून पावसांत न भिजतां चालतां येतें. राजवाड्याच्या अंगास उभें राहून मागें पाहिलें असतां रस्त्याच्या टोंकाशीं बरोबर हत्ती दिसतात. आम्ही तेथें बराच वेळ उभे होतों. मथुरेजवळ, कोइल-अलीगडच्या छावणींत, दुआबांतील रयतेच्या शेतसाऱ्यांतून ज्या पलटणींचा पगार वांटला गेला, त्यांच्या सेनापतीच्या बचतींतून आल्प्सच्या पायथ्याशीं हा रस्ता झाला, ही गोष्ट नकाशावर कळते. डोळ्यांपुढें उभी राहते ती मात्र येथें.

त्याचा हिंदुस्थानांतील वृत्तान्त थोडक्यांतच देतों, कारण तो परिचित आहे. आयरिश पलटण सोडून तो रशियाच्या नोकरींत शिरला, तुर्कांच्या कैदेंत सांपडला, सुटून ईजिप्तमार्गे १७७८ त मद्रासेस आला, तेथें कंपनीच्या एका देशी पलटणींत राहून ती नोकरीही सोडून उत्तरेकडे गेला. १७८४ त महादजींनीं त्यास ठेविलें, आणि त्यानें दोन पलटणी उभारल्या. लालसोटच्या १७८७ च्या कठीण प्रसंगांत या पलटणींनीं माघार विस्कळीत होऊं दिली नाहीं. मध्यंतरीं तो नोकरी सोडून लखनौस जाऊन व्यापारांत शिरला होता. १७९० त महादजींनीं त्यास परत बोलाविलें. त्याच सालीं जून महिन्यांत पाटण व सप्टेंबरांत मेडतें येथें त्यानें जे विजय मिळविले, त्यांनीं राजपुतान्यांत शिंद्यांचा जम बसला. १७९३ त लाखेरी येथें तुकोजी होळकरांच्या फौजेशीं गांठ पडली. ग्रँट डफनें आपला मराठ्यांचा इतिहास लिहितांना द ब्वाञकडून माहिती मिळविली होती. आपण पाहिलेल्या लढायांत लाखेरीइतकी हट्टाची लढाई दुसरी नव्हती, असें या म्हाताऱ्या सेनापतीचें मत डफनें नोंदविलें आहे. मोंगल, पठाण व राठोड यांच्याशीं झुंजलेल्या पुरुषास सर्वांत अवघड लढाई ती वाटली, जींत मराठ्यांच्या दोन घरांनीं परस्परांच्या तोफखान्यांवर चाल केली.

याच डफप्रमाणें राजस्थानच्या इतिहासाचा कर्ता टॉड हाही शांबेरीस जाऊन त्यास भेटला होता. म्हणजे मराठ्यांचा व राजपुतांचा इतिहास इंग्रजींत प्रथम रचणाऱ्या दोघांही लेखकांनीं या एका साक्षीदाराचा उपयोग केला. ज्या साक्षीवर आपण अद्याप कळत-नकळत विसंबतों, ती शिंद्यांच्या बाजूच्या मनुष्याची, शिवाय आपल्या कीर्तीस जपणाऱ्या वृद्धाची आहे, हें ध्यानांत ठेवणें अवश्य आहे.

कीर्तीस जपण्याचें त्यास कारणही होतें. यूरोपांत त्याच्याविरुद्ध एक प्रवाद उठला होता, तो असा कीं त्याची संपत्ति टिपू सुलतानास इंग्रजांच्या हातीं दिल्याबद्दल मिळालेली आहे. हा प्रवाद कालगणनेच्या एका धक्क्यानें कोसळतो. द ब्वाञनें १७९५ च्या अखेरीस शिंद्यांची नोकरी सोडली आणि १७९७ त तो इंग्लंडांत पोंचला. श्रीरंगपट्टण पडून टिपू मारला गेला तो ४ मे १७९९ रोजीं. शिवाय टिपूच्या दरबाराशीं त्याचा नोकरीचा संबंध केव्हांच नव्हता. शांबेरींतील विद्वत्सभेनें त्याच्या हयातींतच त्याच्या लष्करी कारकीर्दीचा वृत्तान्त छापविला, त्यामागें अशा कंड्यांचें निरसन हाही हेतु असावा. परंतु खोटा आरोप पडला म्हणून खरे प्रश्न मिटत नाहींत. आम्हांस जे प्रश्न पडतात ते निराळे आहेत.

पहिला प्रश्न त्याच्या निष्ठेचा. नोकरी धरतांनाच त्यानें इंग्रजांशीं लढणार नाहीं अशी अट घातली होती, आणि महादजींनीं ती मान्य केली होती. हिंदुस्थान सोडतांना त्यानें आपलें खाशा स्वारांचें पथक घोड्या-उंटांसह विकलें, तें कंपनीस. जातांना दौलतरावांस सल्ला दिला तो असा कीं, इंग्रजांशीं लढण्याचा प्रसंग आणण्यापेक्षां पलटणी मोडून टाकलेल्या बऱ्या. या सल्ल्याचें मोल १८०३ त कळलें. सप्टेंबरांत अलीगड व दिल्ली आणि नोव्हेंबरांत लासवाडी. अवघ्या दोन महिन्यांत त्यानें उभारलेला कारखाना लेकनें धुळीस मिळविला. त्याच्या मागून आलेला पेराँ अलीगड पडतांच इंग्रजांच्या आश्रयास गेला. लासवाडीस मात्र गोरे अधिकारी नसतांही त्याच पलटणींतील शिपायांनीं तोफांशीं उभे राहून प्राण दिले. यावरून द ब्वाञ हा फितूर होता असें ठरत नाहीं. तसें म्हणणारांशीं आम्ही सहमत नाहीं. पण त्याची बांधिलकी महादजी या एका पुरुषाशीं होती, दौलतीशीं नव्हती, एवढें म्हटल्यावांचून राहवत नाहीं. १२ फेब्रुवारी १७९४ रोजीं वानवडीस महादजी वारले, आणि तेथें तो धागा तुटला.

दुसरा प्रश्न पैशाचा. त्याची संपत्ति चरित्रकार सुमारें चार लक्ष पौंडांची सांगतात. पगार, पलटणींच्या खर्चास लावून दिलेल्या मुलुखाच्या वसुलावरील हक्क आणि लखनौचा व्यापार हे तिचे उगम. लूट म्हणावी तर ती सरळ लूट नव्हे, कारण जें मिळालें तें धन्याच्या मान्यतेनें मिळालें. निव्वळ पगार म्हणावा तर सेनापतीचा पगार इतका होत नसतो. त्याच्या बाजूनेंही सांगितलें पाहिजे कीं, जखमी शिपायास जखमेच्या मानानें रक्कम व लढाईंत निकामी झालेल्यास निर्वाहाची सोय, ही व्यवस्था त्यानें आपल्या पलटणींत ठेविली होती. त्या काळच्या हिंदुस्थानी फौजांत ती विरळाच. शांबेरींत त्यानें वृद्धांसाठीं सें-बनवा नांवाचा आश्रम काढला, वेड्यांसाठीं आश्रय उभारला, नाटकगृह बांधून दिलें. आश्रमास स्वतःच्या नामकरणाच्या संताचें नांव ठेवणें हा थोडा अहंकार, पण म्हाताऱ्यांची काळजी खरी होती. कोइलच्या छावणींतील जखमींची व्यवस्था आणि शांबेरीचा वृद्धाश्रम हीं एकाच हिशेबी व जबाबदार डोक्याचीं कामें आहेत असें आम्हांस वाटतें.

तिसरा प्रश्न लिहितांना लेखणी अडखळते. हिंदुस्थानांत त्यानें नूर नांवाच्या स्त्रीशीं संसार केला होता. तिची बहीण फैज ही विल्यम पामर याची बायको. हा पामर १७९८ पासून १८०१ पर्यंत पुण्याच्या दरबारीं इंग्रजांचा वकील होता, त्यामुळें हें घराणें आमच्या वाचकांस अगदींच परकें नाहीं. द ब्वाञनें नूर व दोन मुलें यांस बरोबर इंग्लंडांत नेलें. तेथें ती हेलेन बेनेट झाली. आणि १७९८ त, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षीं, त्यानें सतरा वर्षांच्या आदेल दोस्माँ या निर्वासित फ्रेंच उमराव कन्येशीं लग्न केलें. नूरला कांहीं नेमणूक बांधून दिली. तें लग्नही टिकलें नाहीं. आदेल पुढें पॅरिसच्या बाजूस राहूं लागली, आणि तिच्या आठवणी १९०७ त छापल्यावर फ्रेंच वाङ्मयांत तिचें नांव नवऱ्यापेक्षां मोठें झालें. नूर ससेक्स परगण्यांत एकाकी राहून १८५३ त वारली. शांबेरीच्या कारंज्यावर हत्ती आहेत, शस्त्रें आहेत, सेनापतीच्या दानधर्माचें कौतुक आहे. या बाईस तेथें जागा मिळण्याचा संभव नव्हताच. तिचा मुलगा अलीबक्ष मात्र शार्ल-अलेक्सांद्र या नांवानें बापाचा वारस झाला आणि तें घराणें त्याच्यापासून पुढें चाललें. सव्हॉयच्या या उमराव घराण्याच्या वंशवृक्षाचें मूळ असें उत्तर हिंदुस्थानांतील एका जनानखान्यांत आहे.

शहर पाहून झाल्यावर आम्हीं दोन दिवस भोंवतालच्या डोंगरांस दिले. शांबेरीच्या ईशान्येस निव्होले नांवाचा कडा आहे. उंची १५४७ मीटर, आणि अगदीं टोंकावर एक प्रचंड क्रूस आहे. पहिला क्रूस १८६१ त, म्हणजे सव्हॉय फ्रान्सांत आल्यावर लगेच, उभारला गेला. मागच्या अंगानें मोटारीचा रस्ता बराच वर जातो आणि उरलेली वाट झाडींतून तासाभराची आहे. आमच्या गुडघ्यांस ती दोन तास पुरली. वर गेल्यावर जमीन एकदम संपते. सिंहगडाच्या तानाजी कड्यावर उभें राहिल्याची आठवण झाली, परंतु येथें खालीं शेतांऐवजीं सबंध शहर आणि त्याच्या उत्तरेस बूर्जेचें लांबट निळें सरोवर पसरलें आहे. हवा स्वच्छ असेल तर पूर्वेस माँ ब्लाँ दिसतो म्हणतात. आम्हांस त्या बाजूस ढगच दिसले. सरोवराच्या पलीकडच्या कांठीं ओतकोंबचा मठ आहे. तेथें सव्हॉयचे कित्येक राजे पुरलेले आहेत आणि इटलीचा शेवटचा राजा दुसरा उंबेर्तो यासही १९८३ त तेथेंच मूठमाती मिळाली. याच सरोवरावर लामार्तीन कवीनें रचलेली कविता फ्रेंच पोरांस शाळेंत पाठ करावी लागते. एक शिक्षक या नात्यानें आम्हांस त्या पोरांची थोडी कींव आली.

दक्षिणेस पाहिलें म्हणजे ग्रानिए पर्वत दिसतो, आणि तो पाहतांक्षणींच त्यास कांहीं अपघात झालेला आहे हें ध्यानांत येतें. डोंगराची एक बाजू सुरीनें कापावी तशी उभी तुटलेली आहे. १२४८ च्या नोव्हेंबरांत, चोविसाव्या-पंचविसाव्या तारखांमधील रात्रीं, हा भाग कोसळला. पायथ्याचीं गांवें गाडलीं जाऊन हजाराहून अधिक माणसें मेलीं. त्या काळच्या लेखकांनीं तर यापेक्षां पुष्कळ मोठे आंकडे दिले आहेत. इंग्लंडांतील एका मठांत बसून बखर लिहिणाऱ्या मॅथ्यू पॅरिसपर्यंत ही वार्ता पोंचली होती. दरडीचा लोंढा मियां येथील मेरीच्या देवळापाशीं येऊन थांबला, म्हणून तें क्षेत्र झालें. कथा अशी कीं, एका लोभी अधिकाऱ्यानें मठवाशांस घालवून त्यांची मालमत्ता बळकावली, ते रडत-भाकत मियांस गेले, आणि त्याच रात्रीं डोंगर त्या अधिकाऱ्याच्या मेजवानीवर कोसळला. आमच्याकडील स्थलमाहात्म्यांच्या कर्त्यांनीं हीच कथा याच रीतीनें रचली असती. भूगर्भशास्त्रज्ञ चुनखडीच्या थराखालील मऊ मातकट खडक पावसानें भिजल्याचें कारण सांगतात.

दुसऱ्या दिवशीं आम्ही त्या दरडीवरूनच चाललों. आज तेथें द्राक्षांचे मळे आहेत. त्यांच्या मद्यासही 'आबीम', म्हणजे 'अगाध दऱ्या', हेंच नांव आहे. मळ्यांतून मधूनच घराएवढाल्या शिळा डोकें काढतात आणि खळग्यांत लहान-लहान तळीं सांचलेलीं आहेत. वाट चुकून आम्ही एका मळ्याच्या कुंपणांत शिरलों, तेव्हां तेथील म्हाताऱ्या मालकानें न रागावतां बाहेर आणून सोडलें. आम्ही हिंदुस्थानांतून, पुण्याकडून आलों असें सांगतांच त्यानें हातानें सोंड करून दाखविली आणि हसला. आमच्या देशाचें त्याला एवढेंच ज्ञान असावें. तें ज्ञान शांबेरीच्या चौकांतून आलें होतें यांत शंका नाहीं.

परततांना द ब्वाञचा वाडा पाहिला. ब्वीसों-रों हें त्याचें नांव. १८०२ त मायदेशीं परतल्यावर तो येथें राहिला. भोंवतालचें विस्तीर्ण उद्यान आतां नगरपालिकेचें असून लोक तेथें मुलांस घेऊन फिरावयास येतात. त्याच दिशेच्या दुसऱ्या टेंकडीच्या ओघळींत शार्मेतचें घर आहे, जेथें रूसो तरुणपणीं मादाम द वारांस हिच्या आश्रयानें राहिला. तें सर्व प्रवासी पाहतात व त्याविषयीं वाङ्मयही विपुल आहे, म्हणून तें सोडून देतों. अभ्यासकांनीं मात्र एक गोष्ट टिपून ठेवावी: द ब्वाञ घराण्याच्या कागदांचा मोठा संग्रह शांबेरीच्या सरकारी दफ्तरखान्यांत आहे. डेस्मंड यंग या इंग्रज लेखकानें १९५९ त द ब्वाञचें चरित्र प्रसिद्ध केलें, त्याचें नांवही या कारंज्यावरूनच ठेविलेलें आहे. शिंदेशाहीच्या उत्तर हिंदुस्थानांतील जमाखर्चाचा विचार करणाऱ्या मराठी संशोधकानें फ्रेंच भाषेची भीति न धरतां त्या दफ्तरांत कांहीं महिने बसावें, अशी आमची विनंति आहे. आमचें वय आतां त्या कामास उरलेलें नाहीं.

शेवटल्या सकाळीं लेमांच्या टेंकडीवरील सें-प्येरच्या देवळांत गेलों. हें ठिकाण शांबेरीहूनही जुनें. रोमन लोकांच्या मार्गावरील 'लेमिंकुम' नांवाचें ठाणें तें हेंच. देवळाच्या तळघरांत फार प्राचीन स्तंभांचें एक वर्तुळ आहे, तें पाहण्यास लोक येतात. द ब्वाञ याच देवळांत पुरलेला आहे. महादजींची समाधि मुठेच्या खोऱ्यांत आणि त्यांच्या सेनापतीची या थंड दगडी देवळांत, या विचारानें आम्ही कांहीं वेळ थांबलों. स्टेशन टेंकडीच्या अगदीं पायथ्याशींच आहे. ल्यों शहराकडे जाणाऱ्या गाडीची वेळ झाली होती, म्हणून उतरून आलों.